पायातलं कापरं ऐकायला मला पंधरा वर्षं लागली

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना तुम्हाला तीन वर्षं झाली, शिक्षण सीबीटीचं (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीचं), आणि आठव्या सेशनला एक क्लायंट म्हणाले, ‘मॅडम, तुमचं सगळं पटतंय, पण छातीवरचा दगड काही हलत नाही.’ तिथे तुम्ही अडलात. मग मला तीन गोष्टी विचारल्यात: मी शरीराच्या अंगाने काम करायला कशी लागले, त्यात शास्त्र किती आहे, आणि तुम्ही ते शिकावं का.

उत्तर लांबणार आहे, कारण माझी वाट सरळ नव्हती. क्लायंटच्या गोष्टी सांगताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझं गाव सोलापूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीच्या भूकंपाने आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी खाली आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. मी तेव्हा समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला होते. दोन-तीन आठवड्यांनी आमच्या कॉलेजची एक तुकडी किल्लारी-सास्तूर भागात गेली. तिकडची घरं माळवदाची: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते माळवद झोपलेल्या माणसांवर आलं होतं. वाचलेले लोक छपराखाली झोपायला तयार नव्हते. पत्र्याची शेड मिळाली तरी रात्री बाजा बाहेर काढायचे.

आमच्या हातात प्रश्नांचा छापील कागद होता. झोप लागते का, दुःख वाटतं का, जगू नये असं वाटतं का. शेडबाहेर बसलेल्या एका आजींचा मुलगा आणि दोन नातवंडं गेली होती. ‘दुःख वाटतं का?’ या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘दुःख न्हाई बाई. पायात कापरं भरतंय. भुई हालतीय अजून.’ भुई तेव्हा हलत नव्हती. आजींनी डावा तळहात जमिनीला टेकवलेला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी कागदावर ‘दुःख’ या शब्दापुढे ‘नाही’ अशी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

त्या खुणेचं मला आजही वाईट वाटतं. आजींनी मला सगळं सांगितलं होतं. तो हात मी पाहिलाही होता, पण कागदावर त्याला जागा नव्हती आणि माझ्या डोक्यातही नव्हती.

पुढे मानसशास्त्रात एमए करून १९९८ पासून पुण्यात काम सुरू केलं. महाराष्ट्रात समुपदेशन शिकायचं म्हटलं की सीबीटीच्याच घराण्यातली, अविवेकी विचार तपासून बदलणारी विवेकनिष्ठ पद्धत आधी भेटते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती अशी रुजवली की एलिसचं नाव न ऐकलेला माणूसही ‘अविवेकी विचार’ हे शब्द वापरतो. मी हे काम मनापासून केलं, आजही करते. ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्ट सैल होऊन ‘झालं तर बरं’ इथवर माणूस आला की त्याचं जगणं खरोखर हलकं होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. त्यामुळे कुणी ‘विचारांवर काम करणं वरवरचं असतं’ असं म्हणालं तर मला ते मान्य नाही.

पण काही माणसं त्या वाटेने अर्ध्यापर्यंतच येत. एक बँकेतले गृहस्थ होते, पन्नाशीचे. कॅश काउंटरवर एकदा मोठी चूक झाली होती, चौकशी होऊन ते निर्दोष सुटले होते, तरी रोज सकाळी बँकेच्या पायऱ्या चढताना पोटात गोळा यायचा. गृहपाठाच्या वहीत त्यांनी इतके सुरेख विवेकी विचार लिहिले होते की मी ते इतरांना उदाहरण म्हणून सांगत असे. एक दिवस वही मिटून ते म्हणाले, ‘मॅडम, हे मला पटलंय. पोटाला कोण सांगणार?’ मी त्यांना आणखी एक तक्ता भरायला दिला. दोन सेशननंतर ते यायचे थांबले.

आपल्या भाषेत ‘पटणं’ वेगळं आणि ‘गळी उतरणं’ वेगळं. हा फरक मला लहानपणापासून माहीत होता, पण माझ्या कामाच्या खोलीत मी तो दहा वर्षं विसरले होते.

आठवण झाली ती माझ्या दाढांमुळे. २००७ साली बाबा गेले. तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी मी कामावर हजर होते. ‘किती धीराची आहे’ असं सगळे म्हणाले, मलाही तसंच वाटलं. दीड वर्षाने दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत पाहिलं आणि विचारलं, ‘झोपेत दात खाता का? तुमच्या दाढांचे उंचवटे घासून सपाट झालेत.’ रात्री दातांवर बसवायची एक पट्टी त्यांनी करून दिली. त्याच सुमारास माझ्या सुपरव्हिजनच्या बाईंना, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकांना, मी एका क्लायंटबद्दल सांगत होते. त्यांनी नृत्याच्या माध्यमातून उपचार करण्याचं शिक्षण घेतलेलं होतं आणि बोलण्यापेक्षा बघण्याकडे त्यांचं लक्ष जास्त असे. मला मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, ‘क्लायंटचं राहू दे. तू हे सांगतेयस तेव्हा तुझा जबडा काय करतोय?’

मी म्हणाले, ‘काही नाही, दुखतोय थोडा.’ त्या म्हणाल्या, ‘दुखू दे. तिथेच थांब जरा.’

तसं थांबायची मला सवय नव्हती. अर्ध्या मिनिटात हनुवटी थरथरायला लागली, मग घसा दाटला, आणि कुठून तरी काकांचा आवाज आठवला: ‘रडू नकोस, आई बघतेय.’ बाबांना नेताना दारात काका मला हे म्हणाले होते आणि मी दात घट्ट आवळले होते. दीड वर्ष मी ते सोडलेच नव्हते. त्या दिवशी मी खूप रडले. दाढा त्याने बऱ्या झाल्या नाहीत, पट्टी अजून वापरते. पण आजींच्या हाताचा अर्थ मला तेव्हा कळला. त्यांचं दुःख त्यांच्या पायात होतं आणि मी ते तोंडात शोधत होते.

मग मी माझ्या जुन्या नोंदी काढून बसले. माझ्या क्लायंटनी काय शब्द वापरले होते ते पाहिलं. धस्स झालं. हातपाय गळाले. जीव टांगणीला लागला. अंगावर काटा आला. पोटात तुटलं. डोकं भणभणतंय. काळीज हललं. घशाशी आलंय सगळं. पानं भरून हीच भाषा, आणि शेजारी माझ्या अक्षरात तिचं भाषांतर: चिंता, नैराश्य, अपराधभाव. मराठी माणूस मनाविषयी बोलत नाही अशी तक्रार मी स्वतः भाषणांत केली होती. तो बोलत होताच. मी त्याला दर वेळी पोटातून, छातीतून काढून व्याख्येत नेऊन बसवत होते.

आता शास्त्राचं. ही कल्पना नवी नाही. विल्यम जेम्स यांनी १८८४ सालीच मांडलं होतं की भावना आधी आणि शरीरातले बदल नंतर, हा आपला समज उलटा असू शकतो. फ्रॉइडच्या परंपरेतल्या विल्हेल्म राइश यांनी १९३० च्या दशकात स्नायूंच्या चिलखताची कल्पना पुढे आणली: दाबलेली भावना मानेत, छातीत, ओटीपोटात ताण होऊन बसते. हे निरीक्षण मोलाचं आहे. पण याच राइश यांनी पुढे ‘ऑर्गोन’ नावाच्या वैश्विक ऊर्जेचे दावे केले, तिच्या पेट्या विकल्या जाऊ लागल्या, अमेरिकेत त्यावर बंदी आली, तो हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पूर्ण वाचावी. शरीराच्या कामात अनुभव इतका जोरकस येतो की पुरावा मागायचं भान सुटतं, आणि ते भल्याभल्यांचं सुटलेलं आहे.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते युजीन जेंडलिन. शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या सोबत काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सेशन्सची ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न असा होता की थेरपीचा कुणाला उपयोग होतो आणि कुणाला होत नाही. उपयोग होणारी माणसं बोलता बोलता अडखळत. ‘नाही, राग नाही म्हणता येणार... कसं सांगू...’ असं म्हणून थांबत आणि आत काहीतरी चाचपत. आत जे अस्पष्ट पण नक्की जाणवत असतं, त्याच्याकडे लक्ष देण्याची पद्धत जेंडलिन यांनी बांधली आणि १९७८ मध्ये पुस्तकातून सर्वांसमोर ठेवली. त्या जाणिवेसाठी त्यांना इंग्रजीत ‘फेल्ट सेन्स’ हा नवा शब्दप्रयोग घडवावा लागला. आपल्याकडे तो घरोघरी आहे: ‘कसंतरीच होतंय.’ कुणी असं म्हणालं की पूर्वी मी विचारायची, ‘कसंतरी म्हणजे नक्की काय?’ आणि माणूस गप्प व्हायचा. आता म्हणते, ‘बरं. त्या कसंतरीपाशी बसू थोडा वेळ.’

पीटर लेव्हिन आणि पॅट ऑग्डेन या अमेरिकन थेरपिस्टांनी मानसिक आघातानंतरच्या कामाला शरीराची जोड दिली. धोक्याच्या क्षणी पळायचं किंवा ढकलायचं राहून गेलं, तर ती अर्धवट हालचाल अंगात अडकून राहते आणि सावकाश, थोडी थोडी पुरी करता येते, असं ते मांडतात. पुरावा आशादायक आहे, पण तोकडा आहे. २०१७ मध्ये इस्रायलमध्ये लेव्हिन यांच्या पद्धतीची चाचणी ६३ जणांवर झाली. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत, जुनाट आघाताची लक्षणं असलेल्या ६४ स्त्रियांवर दहा आठवड्यांच्या खास योगवर्गाचा अभ्यास झाला. दोन्हींत फायदा दिसला, पण संख्या लहानच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर (आघाताची आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करायला लावणारी पद्धत) आहेत. लेव्हिन-ऑग्डेन यांच्या पद्धती नाहीत. मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेविषयीचा स्टीफन पोर्जेस यांचा सिद्धांत आजकाल प्रत्येक कार्यशाळेत ऐकाल. त्यातल्या शरीरशास्त्रावर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. क्लायंटला समजावण्यापुरतं त्याचं चित्र मी कधी कधी वापरते, सिद्ध झालेलं सत्य म्हणून सांगत नाही.

योगाविषयी तुम्ही विचारणारच. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करायला सुरुवात केली, त्यामुळे शरीर-मनाचं हे नातं परदेशातून शिकावं लागतं असं मला वाटत नाही. पण योगवर्ग म्हणजे थेरपी नव्हे. वर्गात शिक्षक सांगतात आणि आपण करतो. माझ्या खोलीत क्लायंटचं शरीर सांगतं आणि मी मागून जाते. काही जणांना शवासन हीच सर्वांत भीतीची जागा असते, डोळे मिटून, उताणं, कुणीतरी वर उभं आहे अशा अवस्थेत. त्यांना ‘रिलॅक्स व्हा’ म्हणणं हा अत्याचार ठरू शकतो.

हे मी चूक करून शिकले. २०१० साली दोन शनिवार-रविवारांची एक कार्यशाळा करून मी उत्साहात परतले. एक तरुणी यायची, रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेली. मी तिला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, ‘आता शरीरात उतरा, जिथे सगळ्यात जास्त जाणवतंय तिथे जा.’ ती गेली. हात गार पडले, चेहरा पुसल्यासारखा झाला, आणि वीस मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, किती खोल काम चाललंय. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, तिचा निरोप आला: ‘तुमच्याकडून निघाल्यावर रिक्षा स्टँड कुठे आहे तेच मला आठवेना. मी तासभर फूटपाथवर उभी होते.’ मी फोन करून तिची माफी मागितली. तिने ती स्वीकारली, पण ती परत आली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून माझ्या खोलीत डोळे उघडे असतात. सुरुवात बाहेरून होते: खिडकीतलं झाड, खुर्चीची पाठ, फरशीचा गारवा. मग मी विचारते, ‘अंगात अशी एखादी जागा आहे का, जिथे आत्ता बरं वाटतंय, किंवा निदान काही वाटत नाहीये?’ कुणी गुडघा सांगतं, कुणी कानाची पाळी. ती जागा घर धरायची. तिथून दुखऱ्या जागेच्या उंबऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. सगळा वेळ हे जाणं-येणं असतं. ज्या दिवशी माणूस स्वतःहून परत येऊ शकतो, त्या दिवशी अर्धं काम झालेलं असतं.

एक सेशन सांगते, म्हणजे कल्पना येईल. एक शिक्षिका. मुख्याध्यापकांनी बोलावलं की धस्स व्हायचं आणि त्यांच्यासमोर शब्दच फुटायचा नाही.

मी विचारलं, ‘धस्स कुठे?’ त्यांनी छातीवर हात ठेवला. ‘दाबल्यासारखं, की खाली पडल्यासारखं?’ जरा थांबून म्हणाल्या, ‘पडल्यासारखं. लिफ्ट एकदम खाली जाते तसं.’ ‘आणि पाय?’ त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही टाचा उचललेल्या होत्या. ‘अय्या, हे मी कधी केलं?’ ‘आत्ता टेकवू नका. टाचांना काय करायचंय बघा.’ बराच वेळ गेला. मग हळू आवाजात, ‘पळायचंय.’ आम्ही बसल्या जागीच पाय आळीपाळीने फरशीवर दाबले, अगदी सावकाश, कधी मांड्यांत बळ येतं ते बघत. सहा-सात मिनिटांनी त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि लहानपणी घराच्या जिन्यात कुणी वाट अडवली होती ते सांगितलं. मी तपशील विचारले नाहीत. त्यांनी सांगितलं तेवढंच ऐकलं. त्यानंतर चार महिने काम चाललं, आणि त्यात विचारांचे तक्तेही होते. आधी पाय टेकले, म्हणून ते तक्ते गळी उतरले.

या कामाला खुर्चीच लागते असंही नाही. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे यायच्या, खुर्चीच्या टोकावर अवघडून बसायच्या. तिसऱ्या वेळी मी सतरंजी अंथरली आणि दोघी भिंतीला पाठ टेकून बसलो. त्या दिवशी त्या प्रथमच पूर्ण वाक्यांत बोलल्या.

तुमचा तिसरा प्रश्न: शिकावं का. शिकावं, पण आधी स्वतःवर. निदान वर्षभर स्वतः क्लायंट म्हणून या पद्धतीच्या थेरपीत बसा. ज्याने स्वतःचा जबडा ओळखला नाही त्याने दुसऱ्याच्या छातीकडे बोट दाखवू नये. नंतर लांब पल्ल्याचं, सुपरव्हिजनसकट असलेलं शिक्षण घ्या. लेव्हिन यांच्या पद्धतीचं शिक्षणच साधारण तीन वर्षांवर पसरलेलं असतं, आणि ते उगीच नाही. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून लांब राहा, विशेषतः जोरजोरात श्वास घ्यायला लावून माणसांना रडवणाऱ्यांपासून. हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार), यांत तसे प्रकार सरळ धोक्याचे आहेत.

स्पर्शाबद्दल माझा नियम कडक आहे: मी क्लायंटला स्पर्श करत नाही. आपल्याकडे पाठीवरून हात फिरवणं ही माया आहे, हे मला कळतं, कित्येकदा हात शिवशिवतो. पण ज्यांच्या अंगाला नको ते हात लागलेत त्यांना ‘नाही’ म्हणणं जमत नाही, आणि समोरच्यांपैकी ते कोण हे मला पहिल्या दिवशी माहीत नसतं. क्लायंटचा स्वतःचा हात, उशी, भिंत, शाल यांनी काम होतं. स्पर्श हाच ज्या पद्धतीचा भाग आहे तिथे लेखी संमती, आणि प्रत्येक वेळी नव्याने विचारणं, याशिवाय चालणार नाही.

डॉक्टरांची तपासणी आधी. एक बाई हाताचं कापरं आणि धडधड घेऊन आल्या होत्या, घरच्यांनी ‘टेन्शन’ म्हणून पाठवलेल्या. वजनही उतरत होतं. थायरॉइड वाढलेला निघाला. मी त्यांना त्या कापऱ्यापाशी बसवत राहिले असते तर? म्हणून छातीचं काहीही असलं की ईसीजी आणि फिजिशियनची चिठ्ठी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. जीव द्यायचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवेतच, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक क्लायंटकडे लिहून दिलेला असावा.

आता तुमचे क्लायंट. त्यांची तपासणी झालेली आहे असं धरून सांगते. पुढच्या सेशनला तो दगड हलवायला जाऊ नका, आणि तो खरा नाही हेही पटवू नका. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर असताना विचारा: केवढा आहे? खडबडीत की गुळगुळीत? गार की गरम? तो छातीवर ठेवलाय, की छातीने धरून ठेवलाय? मग गप्प बसा. त्यांना उत्तर शोधायला दोन मिनिटं लागली तरी मध्ये बोलू नका. त्या दोन मिनिटांत तुमची स्वतःची छाती काय करते तेवढं बघा आणि घरी गेल्यावर वहीत लिहून ठेवा. महिन्याभराने ते पान सुपरव्हिजनला घेऊन जा.